रिकव्हरी पार्टिशन न उडवता लॅपटॉपवर विंडोज नव्याने कशी टाकायची

एकच चूक परत परत बघतोय म्हणून हे लिहायला घेतलं. पेनड्राइव्ह लावला, सेटअप सुरू झाला, पार्टिशनची (डिस्कच्या वेगवेगळ्या कप्प्यांची) यादी दिसली, आणि कुठेतरी ऐकलेलं असतं की "सगळी पार्टिशनं डिलीट मार, एकच मोठी अनअलोकेटेड जागा कर, मग नेक्स्ट". विंडोज व्यवस्थित बसते, लॅपटॉप चालू होतो, सगळे खूष. दोन वर्षांनी लॅपटॉप विकायचा असतो किंवा काहीतरी बिघडतं, तेव्हा रिकव्हरीचं बटण दाबलं की काहीच होत नाही, कारण ज्या पार्टिशनमध्ये ते होतं ते त्या दिवशी दहा सेकंदात उडालेलं असतं.

माझ्या मावशीचा लॅपटॉप असाच एका दुकानात "फॉरमॅट" करून आणला होता. होम सिंगल लँग्वेज एडिशनच्या जागी प्रो टाकलेली, खाली कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' लिहून येत होतं, आणि कंपनीचं सोळा जीबीचं रिकव्हरी पार्टिशन गायब. लॅपटॉपबरोबर आलेली विंडोज रीतसर विकत घेतलेली होती, तिची की (ॲक्टिव्हेशनचा कोड) बायॉसमध्येच, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या चिपमध्येच होती, तरी हे झालं. योग्य क्रमाने केलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

खालचं सगळं विंडोज १० किंवा ११ आलेल्या, म्हणजे यूईएफआय (लॅपटॉप सुरू करायची नवी पद्धत) आणि जीपीटी (डिस्कवर पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) डिस्कवाल्या लॅपटॉपसाठी आहे. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरात करायच्या.

१. आधी ठरवा, खरंच पुसून टाकायची गरज आहे का

निम्म्या वेळा नसते. लॅपटॉप स्लो झालाय किंवा अपडेट अडकतंय एवढंच असेल तर दोन सोपे रस्ते आहेत आणि दोन्हीत रिकव्हरी पार्टिशनला धक्का लागत नाही.

पहिला, चालू विंडोजमध्येच इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह उघडायचा आणि त्यातली सेटअप फाइल चालवायची, 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' निवडायचं. विंडोजच्या फाइली नव्या बसतात, तुमचे प्रोग्रॅम आणि डेटा जागच्या जागी राहतात. दुसरा, सेटिंग्जमधलं 'रीसेट धिस पीसी'. त्यात 'कीप माय फाइल्स' घेतलं तरी इन्स्टॉल केलेले प्रोग्रॅम जातात हे लक्षात ठेवा, लोक फक्त "फाइल्स राहतात" एवढंच वाचतात आणि मग टॅली कुठे गेलं म्हणून शोधत बसतात.

व्हायरस घुसलाय, विंडोज सुरूच होत नाही, किंवा दुसऱ्याचा वापरलेला लॅपटॉप घेतलाय, अशा वेळी मात्र सी ड्राइव्ह पुसून नव्याने टाकणंच बरं. पुढचं सगळं त्यासाठी.

२. रिकव्हरी पार्टिशन म्हणजे नेमकं कुठलं

इथे बराच गोंधळ असतो, कारण 'रिकव्हरी' नावाची दोन वेगळी पार्टिशनं असू शकतात.

एक छोटं, साधारण पाचशे एमबी ते एक जीबीच्या आसपास. यात विंडोजचं रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट असतं, म्हणजे विंडोज सुरू झाली नाही की निळ्या पडद्यावर 'ट्रबलशूट' वगैरे येतं ते. दुसरं मोठं, दहा-वीस जीबीचं, लॅपटॉप कंपनीने टाकलेलं, त्यात कारखान्यातून आला तसा लॅपटॉप परत करायची इमेज (सगळ्याची एकत्र प्रत) असते, ड्रायव्हर आणि बरोबर आलेल्या सॉफ्टवेअरसकट. हे दुसरं प्रत्येक लॅपटॉपमध्ये नसतं. बऱ्याच नव्या मॉडेलांत कंपन्या ते देत नाहीत, त्याऐवजी साइटवरून इमेज उतरवायची सोय असते (डेल, एचपी, लेनोवो तिघांचीही आहे). त्यामुळे तुमच्यात मोठं पार्टिशन दिसलं नाही तर घाबरू नका, छोटं मात्र सांभाळायचंच.

तिसरं एक असतं, १०० किंवा २६० एमबीचं 'सिस्टीम' पार्टिशन. नावात रिकव्हरी नाही म्हणून लोक ते बिनधास्त उडवतात. बूट व्हायच्या फाइली त्यात असतात, आणि काही कंपन्या स्वतःची तपासणीची टूल्सही तिथेच ठेवतात. तेही राहू द्यायचं.

३. कागद घ्या

ही पायरी लोक हटकून टाळतात आणि सगळा लेख खरं तर याच पायरीवर उभा आहे. सेटअपच्या पडद्यावर सी, डी अशी अक्षरं दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात. म्हणून विंडोज अजून चालू असतानाच पार्टिशनचा तक्ता कागदावर उतरवून घ्यायचा.

स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल (विंडोज १० मध्ये पॉवरशेल) ॲडमिन म्हणून उघडा. 'डिस्कपार्ट' टाइप करून एंटर. मग 'लिस्ट डिस्क', मग 'सिलेक्ट डिस्क ०', मग 'लिस्ट पार्टिशन'. जे येईल ते जसंच्या तसं लिहा: नंबर, प्रकार, साइझ. त्यानंतर 'लिस्ट व्हॉल्यूम' करा, त्यात ड्राइव्हचं अक्षर आणि लेबल दिसतं, म्हणजे सी कुठलं हे साइझवरून जुळवता येतं. झालं की 'एक्झिट'. दुसरी डिस्क असेल तर 'सिलेक्ट डिस्क १' करून तिचाही तक्ता करा.

५१२ जीबीच्या एका लॅपटॉपचा तक्ता साधारण असा निघतो:

पार्टिशन १, सिस्टीम, २६० एमबी: नाही
पार्टिशन २, रिझर्व्ड, १६ एमबी: नाही
पार्टिशन ३, प्रायमरी, ४६० जीबी: फक्त हेच
पार्टिशन ४, रिकव्हरी, ९९० एमबी: नाही
पार्टिशन ५, रिकव्हरी, १५ जीबी: नाही

प्रत्येक ओळीपुढे "नाही" आणि "फक्त हेच" असं हाताने लिहा, मनात ठेवू नका. फोटोही काढा, पण कागद कीबोर्डशेजारी पाहिजे, कारण फोन पुढे इंटरनेटसाठी लागू शकतो.

दोन गोष्टी इथे हमखास चुकवतात. डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीत ते १६ एमबीचं रिझर्व्ड पार्टिशन दिसतच नाही, सेटअपमध्ये मात्र दिसतं, त्यामुळे नुसतं "डावीकडून दुसरं" असं लक्षात ठेवलं तर सगळा हिशेब एकाने सरकतो. आणि ५१२ जीबीची डिस्क पडद्यावर ४७६ जीबी दिसते, एक टीबीची ९३१ जीबी, हे मोजण्याच्या पद्धतीमुळे होतं, डिस्कची जागा कमी झालेली नसते.

आणखी एक छोटं काम: धिस पीसीमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक, रीनेम, आणि 'पुसायचं' या अर्थाचं काहीतरी इंग्रजी अक्षरात नाव द्या. हे लेबल सेटअपच्या यादीतही दिसतं, त्यामुळे डीचा साइझ सीएवढाच असला तरी चूक होत नाही.

⚠ डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' हा शब्द कधीही टाइप करायचा नाही. "खरंच करू का?" असं तो विचारत नाही, सरळ अख्खी डिस्क रिकामी दाखवतो.

४. रिकव्हरी आत्ता चालू आहे का ते बघा

त्याच टर्मिनलमध्ये आर-ई-एजंट-सी (सगळं जोडून, 'आरई' नंतर एजंट, शेवटी सी), स्पेस, तिरपी रेघ (/), इन्फो. 'स्टेटस: एनेबल्ड' आलं पाहिजे आणि खाली लोकेशनमध्ये पार्टिशनचा नंबर दिसतो, तो नंबर तक्त्यात त्या ओळीसमोर लिहा. डिसेबल्ड असेल तर तीच कमांड इन्फोच्या जागी एनेबल लिहून चालवा.

जानेवारी २०२४ च्या विंडोज १० अपडेटच्या वेळी हे पार्टिशन लहान पडत होतं म्हणून अपडेट फेल होत होतं, आणि तेव्हा बऱ्याच जणांनी ते मोठं करायच्या नादात उडवलंय. तुमचा लॅपटॉप तेव्हा कोणी हाताळला असेल तर ही तपासणी नक्की करा. आधीच गेलेलं असेल तर सांभाळायला काही नाही, सरळ कंपनीची इमेज उतरवायच्या मागे लागा.

५. एन्क्रिप्शन: इथे डेटा जातो

मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवायची सोय) आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. आपण म्हणतो डी ड्राइव्हवर सगळा डेटा आहे, सी फॉरमॅट मारला तरी काय फरक पडतो. नवीन विंडोज आली की डी ड्राइव्ह कुलूपबंद दिसतो आणि ४८ आकडी की मागतो.

म्हणून आधी सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी (विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटी), डिव्हाइस एन्क्रिप्शन इथे जाऊन ते बंद करा. प्रो एडिशन असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये बिटलॉकर (प्रोमधलं एन्क्रिप्शन) बघा. डिक्रिप्ट व्हायला वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा आणि पूर्ण होऊ द्या. तरीसुद्धा मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर जाऊन रिकव्हरी की बघून कागदाच्या मागे उतरवा.

✔ तपासा: धिस पीसीमध्ये कुठल्याच ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप नसावं.

६. बॅकअप, आणि लोक जे विसरतात

फोटो आणि डॉक्युमेंट सगळेच घेतात. राहतं ते हे:

वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉपवरच्या काही फाइली नुसत्या दिसतात, प्रत्यक्षात लॅपटॉपवर नसतात, त्यांच्यासमोर ढगाचं चित्र असतं. त्या कॉपी करण्याआधी 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करून उतरवून घ्या.

टॅली वापरत असाल तर डेटाचा पाथ टॅलीतच बघून ते फोल्डर घ्या, टॅलीचा स्वतःचा बॅकअपही घ्या, आणि लायसन्स सरेंडर करा. डीटीपीवाल्यांनी जुने मराठी फाँट आणि त्यांचं सेटअप वेगळं ठेवा. श्रीलिपीसारखं काही असेल तर डाँगल आणि इन्स्टॉलर हाताशी आहे का ते आधी बघा, कारण फाँट नसला की जुन्या फाइली उघडल्यावर नुसती अगम्य अक्षरं दिसतात. डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन असेल तर सर्टिफिकेट टोकनमध्येच राहतं, पण त्याचा ड्रायव्हर परत टाकावा लागतो. आउटलुकची पीएसटी फाइल, ब्राउझरचे पासवर्ड आणि बुकमार्क, हेही.

लॅपटॉपबरोबर आलेलं ऑफिस अजून ॲक्टिव्हेट केलं नसेल तर पुसण्याआधी करा आणि तुमच्या अकाउंटमध्ये ते दिसतंय याची खात्री करा.

✔ तपासा: बॅकअपची हार्ड डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाइली प्रत्यक्ष उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे उघडते असं नसतं. बघून झाल्यावर ती डिस्क काढून बाजूला ठेवा, इन्स्टॉलेशन संपेपर्यंत लॅपटॉपला लावायची नाही.

७. दोन पेनड्राइव्ह

पहिला, कमीत कमी आठ जीबीचा, इन्स्टॉलेशनसाठी. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन बनवा, पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल आणि बाकीच्या अटी पूर्ण होत असतील तर ११ च टाका.

दुसरा, ३२ जीबीचा असला तर उत्तम. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह' शोधा, 'बॅकअप सिस्टीम फाइल्स' वर टिक ठेवा. बराच वेळ लागतो, तासभर सुद्धा, चालू ठेवून दुसरं काम करा. याचा अर्थ असा की पुढे चुकून काही उडालंच तरी हातात काहीतरी राहतं. कंपनीचं स्वतःचं रिकव्हरी टूल तुमच्या मॉडेलसाठी मिळत असेल तर त्याचाही पेनड्राइव्ह बनवून ठेवा.

पहिल्या पेनड्राइव्हवर एक फोल्डर करून त्यात कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचे दोन ड्रायव्हर टाका: वाय-फाय, आणि इंटेलचा रॅपिड स्टोरेज (व्हीएमडी). झिपमध्ये असतील तर उघडून ठेवा. दुसऱ्याचं महत्त्व पायरी ९ मध्ये कळेल.

८. बूट करा, पण यूईएफआयमध्येच

चार्जर लावा, बॅटरीही निम्म्याच्या वर असू द्या, पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. एसडी कार्ड आणि जास्तीचे यूएसबी काढा. लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करताना बूट मेन्यूची की दाबत राहा: डेल, लेनोवो आणि एसरमध्ये बहुधा एफ१२, एचपीमध्ये एफ९, असूसमध्ये एस्केप. एसरमध्ये ती बायॉसमधून आधी चालू करावी लागते कधीकधी.

यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या पुढे यूईएफआय लिहिलंय तोच घ्या. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही.

⚠ चुकून दुसरा पर्याय घेतला तर पुढे "डिस्क जीपीटी स्टाइलची आहे, इथे विंडोज टाकता येत नाही" असा मेसेज येतो. यावर इंटरनेटवर उत्तर मिळतं की डिस्क क्लीन करून कन्व्हर्ट करा. करू नका! डिस्क बरोबरच आहे, बूट चुकलंय. बंद करा, परत बूट मेन्यूत जा, यूईएफआय निवडा, मेसेज येणार नाही.

९. पार्टिशनचा पडदा

भाषा, कीबोर्ड वगैरे नेक्स्ट करत जा. विंडोज ११ च्या नव्या सेटअपमध्ये एक चौकट येते, सगळ्या फाइली, ॲप्स, सेटिंग्ज डिलीट होतील याला मान्यता द्या म्हणून. वाचून पोटात गोळा येतो पण त्या टिकने लगेच काही पुसलं जात नाही, डिस्क निवडायचा पडदा नंतर येतो. की विचारली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की'. एडिशन विचारली तर आधी होती तीच, आपल्याकडच्या लॅपटॉपवर ती बरेचदा होम सिंगल लँग्वेज असते. प्रो घेतलीत तर ॲक्टिव्हेट होणार नाही.

आता यादी दिसेल. माउसवरून हात काढा आणि कागद समोर घ्या. एकेक ओळ जुळवा: नंबर, साइझ, प्रकार, लेबल. पाचही ओळी जुळल्या तरच पुढे. एखादी ओळ जास्त दिसतेय तर ती पेनड्राइव्हची किंवा दुसऱ्या डिस्कची असेल, डिस्कचा नंबर बघा. डिस्कचे नंबर इथे विंडोजमधल्यापेक्षा उलटे येऊ शकतात, म्हणून भरवसा साइझवर आणि लेबलवर ठेवायचा.

यादी रिकामीच दिसली तर? अकराव्या पिढीच्या आणि पुढच्या इंटेल लॅपटॉपमध्ये हे फार होतं. एसएसडी मेलेली नसते, सेटअपला तिचा ड्रायव्हर नसतो. 'लोड ड्रायव्हर' करून पेनड्राइव्हवरचं व्हीएमडीचं फोल्डर दाखवा, डिस्क दिसायला लागते.

सगळं जुळलं की मग:

तुमच्या लेबलची, सी ड्राइव्हची ओळ निवडा. 'फॉरमॅट' दाबा. 'डिलीट' नाही. ओके म्हणा. त्या ओळीची रिकामी जागा एकूण साइझच्या जवळपास झाली का ते बघा, बाकी ओळी होत्या तशाच आहेत का ते बघा. तीच ओळ निवडलेली आहे याची खात्री करून नेक्स्ट.

बस, एवढंच. बूटच्या फाइली सेटअप जुन्या सिस्टीम पार्टिशनमध्ये स्वतःहून टाकतो, त्यासाठी ते फॉरमॅट करावं लागत नाही.

⚠ हात चुकून सी डिलीट झाला असेल तर घोटाळा झालेला नाही. तेवढ्या जागेची 'अनअलोकेटेड' ओळ दिसेल, ती निवडून नेक्स्ट करा. पण "आता एक गेलंच आहे तर बाकीची पण साफ करू" हे नको.

⚠ रिकव्हरीची ओळ डिलीट झाली असेल तर तिथेच थांबा. नेक्स्ट दाबू नका, नवीन पार्टिशन बनवू नका, बंदच करा. डिलीटने फक्त नोंद जाते, आतला डेटा सहसा त्यावर काही लिहिलं जाईपर्यंत असतो, आणि टेस्टडिस्कसारख्या फुकट टूलने ती नोंद बरेचदा परत आणता येते. ते जमत नसेल तर जाणकाराला दाखवा, पण पुढे इन्स्टॉल करून मग नको.

१०. पहिली सुरुवात

मधे एक-दोनदा रीस्टार्ट होईल. परत भाषेचा पहिला पडदा आला तर नव्याने सुरू करू नका, पेनड्राइव्ह राहिलाय म्हणून तसं होतंय, काढून रीस्टार्ट करा.

विंडोज ११ इंटरनेटशिवाय पुढे सोडत नाही आणि वाय-फायची यादी रिकामी असेल तर ड्रायव्हर नाहीये. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा लगेच चालतं. नाहीतर पेनड्राइव्हवरचा वाय-फाय ड्रायव्हर आहेच.

डेस्कटॉप आला की विंडोज अपडेट दोन-तीनदा चालवा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह कुठे राहिलंय का बघा, राहिलं असेल तर ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून. इतर कुठल्या ड्रायव्हर-अपडेटरच्या नादी लागू नका.

११. रिकव्हरी खरंच वाचली का

डिस्कपार्टमध्ये परत 'लिस्ट पार्टिशन' करून कागदाशी ताडून बघा. एखादं छोटं रिकव्हरी पार्टिशन जास्त दिसलं तर चालतं, जुनं लहान पडलं तर सेटअप सीमधून जागा काढून नवीन बनवतो. जुनं आता नको म्हणून उडवायला जाऊ नका, कंपनीचं कुठलं आणि विंडोजचं कुठलं हे नुसत्या नावावरून कळत नाही.

पायरी ४ ची कमांड परत चालवा, एनेबल्ड पाहिजे. मग शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, 'ट्रबलशूट' उघडलं की छोटं पार्टिशन काम करतंय. कंपनीच्या रिकव्हरीसाठी तिची की वापरून बघा, एचपीत एफ११, एसरमध्ये ऑल्ट आणि एफ१०, पण नुसता पडदा येतोय एवढं बघून कॅन्सल करा, आत जाऊन 'स्टार्ट' दाबलंत तर आत्ता केलेलं सगळं पुसलं जाईल. की चालली नाही पण पार्टिशन यादीत आहे, असंही होतं, तेव्हा इमेज शाबूत असते, फक्त तिच्यापर्यंत जायचा रस्ता तुटलेला असतो, आणि त्यासाठी कंपनीच्या सपोर्टला मॉडेल नंबर देऊन विचारता येतं.

शेवटी एन्क्रिप्शन. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते परत आपोआप चालू होऊ शकतं. राहू द्या, लॅपटॉप चोरीला गेला तर उपयोगाचं आहे, पण नवीन की जुन्या कीपेक्षा वेगळी असते. कागदाच्या मागची जुनी की खोडा, अकाउंटवरून नवीन उतरवा. कागद आणि रिकव्हरीचा पेनड्राइव्ह एका पाकिटात घालून कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.